आतून सुटलेला रंग

एकदा एका तालुक्याच्या गावी मोटारींना रंग देणारे एक वृद्ध कारागीर होते. सारे त्यांना मिस्त्री म्हणत. वासंती नावाची एक तिशी ओलांडलेली बाई तीन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली काम शिकत होती.

एके सकाळी एक निवृत्त मुख्याध्यापक आपली पांढरी गाडी घेऊन आले. पुढच्या दिव्याखाली तीन ठिकाणी रुपयाएवढा रंग निघून गेला होता. काम आजच्या आज हवे, असे त्यांनी सांगितले. रंग कशाने गेला, असे वासंतीने विचारले, तेव्हा त्यांनी नजर चुकवली. आणखी एक गोष्ट तिला खटकली. गाडी त्यांनी स्वतः चालवत आणली नव्हती, शेजाऱ्याला चालवायला बसवले होते.

आदल्याच दिवशी पहाटे एका पांढऱ्या गाडीने नारायण नावाच्या दूधवाल्याला धडक दिली होती. त्याचा पाय मोडला आणि गाडी न थांबता निघून गेली. वासंतीने दोन्ही गोष्टी मनात जुळवल्या. मुख्याध्यापक गेल्यावर तिने आपला संशय मिस्त्रींच्या कानावर घातला. ते वाकले, तिन्ही डाग निरखले, बोटाने त्यांच्या कडा चाचपल्या. मग पॉलिशपेपर तिच्या हाती देऊन म्हणाले, "चारी बाजूंनी बोटभर घासून काढ."

वासंती थबकली. घासले की कडा जाणार, म्हणजे पुरावाच जाणार. मिस्त्री आणि मुख्याध्यापक यांची ओळख फार जुनी होती. हे आता त्यांना पाठीशी घालत आहेत, असे तिला वाटले. ज्यांच्या शब्दावर तिने तीन वर्षे डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांच्याकडे ती प्रथमच तिरक्या नजरेने पाहू लागली. तिने पेपर बाजूला ठेवला आणि मागच्या दारी जाऊन नारायणच्या भावाला फोन लावला.

अर्ध्या तासात भाऊ दोघांना घेऊन आला. त्यातल्या एकाच्या हातात लोखंडी पाना होता. फोन कोणी केला, हे मिस्त्रींनी विचारले नाही. वासंतीकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "आता यांच्यादेखत घास."

ती घासू लागली. डागाभोवतीचा रंग पापुद्र्यासारखा सुटत गेला आणि त्याखाली दूरवर पसरलेला तांबडा गंज उघडा पडला. तिन्ही जागी तेच.

"धक्क्याने रंग उडतो तेव्हा पत्र्याला पोचा येतो आणि भोवतालच्या रंगाखालचा पत्रा चकाकत राहतो," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "इथे पोचा नाही, आणि हा गंज एका दिवसाचा नव्हे, दोन पावसाळ्यांचा आहे. रंग बाहेरून उडाला नाही, आतून सुटला. उघडा पडलेला पत्रा एका रात्रीतही तांबूस होतो आणि वरवर पाहता दोन्ही तऱ्हेचे डाग सारखेच दिसतात, म्हणून घासायला सांगितले. वासंती, तुला शंका आली, यात दोष नाही. ज्याचे डोळे उघडे असतात त्याला शंका येतेच. पण तू ती घासून पाहिली नाहीस, तशीच दुसऱ्याच्या हातात दिलीस."

नारायणच्या भावाने गंजावरून बोट फिरवून पाहिले. मग तिघेही निघून गेले.

संध्याकाळी मुख्याध्यापक आले, तेव्हा डाग कुठे होते हे शोधूनही सापडत नव्हते. मिस्त्रींनी वासंतीलाच बोलायला सांगितले. तिने काहीही न लपवता सारे सांगितले. ते स्टुलावर बसले. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली होती, नजर अधू झाली होती. उद्या भाचा गाडी कायमची घेऊन जाणार होता आणि ती त्याला डागाळलेली द्यावी, हे त्यांच्या मनाला पटत नव्हते. हे परक्यापुढे बोलायला जीभ रेटेना, म्हणून सकाळी ते गप्प राहिले होते.

"आता हा संशय कोणाकोणाला ठाऊक आहे?" त्यांनी विचारले.

 वासंतीने एकालाच सांगितले होते, पण ते तिघे भर बाजारातून बोलत आले होते.

ती त्याच पावली निघाली. आधी नारायणच्या घरी गेली, मग बाजारपेठेत दुकानामागून दुकान फिरली. चूक आपली होती, हे तिने प्रत्येकाला सांगितले. बहुतेकांनी मान डोलावली. एक किराणावाला मात्र तराजूवरून नजर न उचलता म्हणाला, "तुम्ही म्हणता तर तसं असेल."

त्या 'असेल'वर चढवायला तिच्याजवळ कोणताच रंग नव्हता.