जाऊबाईंच्या चुलीवरचा चहा

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी उपकेंद्रातल्या सिस्टरच्या फोनवरच्या लसीकरणाच्या ॲपमध्ये दिसलं, की माझ्या लेकीला, रेणूला गोवराची लस देऊन झाली. दिली कुठं होती! पण फोनवरची नोंद सुधारल्याशिवाय सिस्टर टोचेनात, आणि शेजारच्या गावात गोवराची साथ. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तक्रार केली. आठ दिवसांनी ते ॲप बनवणारे कुलथेसाहेब उपकेंद्रात आले आणि ऐटीत म्हणाले, "ताई, चूक दुरुस्त झाली. तक्रार मिटली म्हणून सही करा."

"पण फोनवर अजून तेच दिसतंय."

"अहो, ज्या कंपनीच्या मूळ प्रोग्रॅमवर आमचं ॲप चालतं, त्यांनी तिकडं त्यांच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्त केलंय. आमच्या यादीत 'झालं' लिहिलंय. तुम्हाला नाही कळायचं ते. जरा चहा मिळेल का?"

"झालाय की," मी म्हणाले आणि बसून राहिले.

दहा मिनिटांनी साहेब वैतागले. "अहो, कुठंय चहा?"

"शेजारी जाऊबाईंच्या चुलीवर झालाय. इकडं कुणी आणला नाही, एवढंच. तुम्ही यादीत लिहा ना, साहेब चहा प्याले म्हणून."

सिस्टरनी तोंडाला पदर लावला. साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी तिथूनच ऑफिसात फोन लावला, "तिकडची दुरुस्ती आत्ताच्या आत्ता इकडं घ्या. आणि यादीत 'इकडं पोचलं' असा वेगळा रकाना पाडा."

दुपारी रेणूला लस मिळाली. मग चहा मीच आणून दिला.

बायांनो, कुणी 'झालं' म्हणालं, तर आधी फोनवर बघा, मगच सही करा. शेजारणीलाही सांगा.