घटिकापात्र कुणी नेलं?

करवंदीच्या रानापलीकडे, एका इवल्याशा पत्र्याच्या घरात शेवंता आणि तिची आई राहायच्या. तांबडं फुटलं की आई वीटभट्टीवर कामाला निघे आणि जाता जाता शेवंताला शाळेच्या पायरीवर सोडी. दोन विटके झगे, एक फुटकी पाटी आणि दोन इवल्या वेण्या, एवढंच शेवंताचं धन. शाळेचं दार उघडलं की सगळ्यांत आधी वर्गात पाऊल पडे ते तिचंच.

आणि तिथेच घात झाला.

त्या आठवड्यात कुसुमबाई मुलांना घड्याळांचा इतिहास शिकवत होत्या. जुन्या काळी माणसं वेळ कशी मोजत? बाईंनी अंगणात काठी रोवून तिची सरकती सावली दाखवली. मग वाळूचं घड्याळ दाखवलं. त्यातली सोनेरी वाळू झुळझुळ खाली येई. शेवटी त्यांनी काढली एक चकचकीत तांब्याची वाटी. तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक!

"हे घटिकापात्र," बाई म्हणाल्या. "पाण्यावर तरंगत ठेवायचं. थेंब थेंब पाणी आत शिरतं आणि भरलं की बुडुक! म्हणजे एक घटिका झाली, चोवीस मिनिटं. माझ्या पणजोबांचं आहे हं!"

दुसऱ्या दिवशी वाटी गायब.

"सगळ्यांच्या आधी कोण येतं?" कुणीतरी कुजबुजलं. एकेक मान वळली. एकेक नजर शेवंतावर येऊन थांबली. बाईंनी शेवंताच्या बाकाजवळचं वाळूचं घड्याळ हळूच उचललं आणि आपल्या पिशवीत ठेवलं. ते शेवंताला फार लागलं.

मधल्या सुट्टीत ती शाळेमागच्या बागेत, कमळांच्या टाक्याजवळ रडत बसली. तेवढ्यात एका कमळात काहीतरी लुकलुकलं. अंगठ्याएवढी परी! तिच्या झग्याचा काठ पहाटेसारखा गुलाबी, मध्य दुपारसारखा पिवळा आणि घेर सांजेसारखा जांभळा.

"रडू नकोस, सोनुली. मी वेळपरी. एक इच्छा माग. पण बोललेली इच्छा परत घेता येत नाही, हं."

शेवंताने डोळे पुसले आणि ती दोन पावलं मागे सरली. "फुकट? माझ्याकडून काय घेशील?"

"तुझ्याकडून? काहीच नाही."

"मग कुणाकडून? तू काहीतरी लपवतेयस."

परीचे पंख फडफडायचे थांबले. "विचारलंस म्हणून सांगते. बहुतेक जण विचारतच नाहीत. तुला जे मिळेल, ते कुणाच्या तरी वाट्यातून जाईल."

शेवंता विचारात पडली. "माझ्यावरचा संशय काढायला सांगितला तर?"

"तो तुझ्या बाकावरच्या भिवावर जाऊन बसेल."

"नको गं! भिवाने काय केलंय? आणि कालचा दिवस परत आणायचा म्हटलं तर?"

"काल संध्याकाळी कुंभाराच्या घरी बाळ जन्मलं. मग ते नसेल."

"नको, नको!" शेवंताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हळूच विचारलं, "आणि वाटी कुठे आहे, एवढंच मागितलं तर कुणाचं काय जाईल?"

"खरं कळल्याने कुणाचा वाटा कमी होत नाही. पण कळल्यावर ते ओझं तुझं."

"चालेल. तेच सांग."

परीने टाक्याकडे बोट केलं. कमळाच्या पानांखाली, तळाशी, तांबूस काहीतरी चमकत होतं. आणि टाक्यापलीकडे, कण्हेरीच्या झुडपाआड पहिलीतली छोटुकली बकुळा गुडघ्यांत डोकं घालून मुसमुसत होती.

"मला फक्त घटिका बघायची होती, शेवंताताई," ती हुंदके देत म्हणाली. "काल शाळा सुटल्यावर पाण्यात ठेवली आणि ती बुडालीच! बाई मला मारतील गं."

शेवंता कमरेएवढ्या पाण्यात उतरली, वाटी काढली आणि ओल्या झग्यानेच वर्गात गेली.

"बघा! हिच्याकडेच होती!" मुलं ओरडली.

"कुणी नेली होती, शेवंता?" बाईंनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"मी नाही नेली, बाई. कुणी नेली ते मला माहीत आहे, पण नाव नाही सांगणार. ते माणूस फार छोटं आहे."

कुणाचाच विश्वास बसेना. शेवंताच्या झग्यातून पाणी ठिबकत राहिलं. इतक्यात दारातून किनरा आवाज आला, "मी नेली होती."

बाईंनी बकुळाला उचलून घेतलं. "वेडाबाई, बुडणं हेच तर वाटीचं काम! पुढच्या वेळी विचारून घे, म्हणजे झालं." मग त्या शेवंतासमोर खाली बसल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी तुला न विचारताच मनात ठरवून टाकलं. चुकलंच माझं."

दुपार कलली. शेवंता बाईंबरोबर बागेत आली, तर हवेत रुपेरी चमचम भुरभुरली आणि जमिनीतून फुलझाडांचं एक गोल रिंगण वर आलं. एक फूल सूर्य उगवताना उमलणारं, एक दहा वाजता, एक दुपारी, एक चार वाजता. फुलांचं घड्याळ!

"हे कुणाच्याही वाट्यातलं नाही," शेवंताच्या कानाशी परी कुजबुजली. "माझ्याकडून."

शेवंताने डोळे बारीक केले. "यात काही लपवलंयस का?"

"हो, एक गोष्ट. याला रोज पाणी घालणारं माणूस लागेल."

"माझी आई!" शेवंता मोठ्याने ओरडली. "बाई, याला माझी आई पाणी घालेल?"

बाईंचे डोळे अजून फुलांवरच खिळले होते. "उद्यापासूनच येऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या. "शाळेला माळीण हवीच होती."

परी खुदकन हसली. तिचा गुलाबी, पिवळा, जांभळा झगा उजळत उजळत नुसता उजेड झाला. आणि त्या उजेडात, बरोबर चार वाजता, गुलबक्षीची पहिली कळी उमलली.