उदमांजरीची ओली पाठ

डोंगरउतारावरच्या एका रानात एक खार राहत होती. रानात खारी पुष्कळ होत्या, पण हिच्याइतकी टापटिपीची दुसरी नव्हती. तिच्या घरट्यातली एकही काडी वाकडी नसे, शेपटीत कधी कुसळ दिसत नसे, आणि फळ खाऊन झाले की साल ती फांदीवर न ठेवता खाली नेऊन टाकत असे.

तिचे घरटे एका जुन्या रायवळ आंब्यावर होते. त्या आंब्याचे खोड जिथे दोन मोठ्या फांद्यांमध्ये विभागले होते, तिथे एक खोल ढोली होती. पावसाळ्यात फांद्यांवरून ओघळणारे पाणी तिच्यात साठायचे आणि दाट पानांच्या सावलीत उन्हाळाभर टिकायचे. खालचा ओढा संक्रांतीनंतर आटला, तरी आंब्यावरच्यांना त्याची चिंता नसे. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकाने पोटापुरते प्यायचे, ढोलीत पाय घालायचा नाही, हा तिथला नियम होता. नियमावर लक्ष ठेवण्याचे काम खारीकडे होते. तिच्या आधी ते तिच्या आईकडे होते.

मागच्या उन्हाळ्याच्या अखेरीस ढोलीत अगदी तळाशी थोडे पाणी उरले होते. खारीने वाकून पाहिले, तर खाली काळा, चिकट गाळ. वर्षानुवर्षे पडलेली पाने, माती आणि सालीचे तुकडे कुजून त्याचा थर झाला होता. आईने तो कधी काढला नव्हता. "आईला वेळ मिळाला नसेल," असे खारीला वाटले. तिने तो सगळा गाळ नखांनी खरवडला, तोंडाने काठावर आणला आणि खाली ढकलून दिला. नुसते लाकूड लागले तेव्हाच ती थांबली.

"खारूताई, काय ढोली केलीस," वरच्या फांदीवरचा पोपट म्हणाला. "तोंड बघून घ्यावं अशी."

त्या आंब्यावर एक म्हातारा वानरही होता. वयाने मोठा म्हणून तंटे तोच मिटवत असे, आणि लवकर झोपता यावे म्हणून लवकर मिटवत असे. तो म्हणाला, "आजवर आपण काय पीत होतो, असं वाटायला लागलंय आता."

त्या दिवशी खारीची शेपटी खाली आलीच नाही.

मग पावसाळा आला आणि गेला. ढोली काठोकाठ भरली. पाणी इतके नितळ होते की वरच्या पानांच्या शिरासुद्धा त्यात दिसत.

आता ढोलीच्या बरोबर खाली, त्याच खोडात, आणखी एक पोकळी होती. तिथे एक उदमांजरी आपल्या पिल्लाला घेऊन राहत असे. काळसर अंग, लांब शेपटी, आणि दिवसभर झोपून अंधार पडला की फळे शोधत हिंडायचे, असा तिचा क्रम. बाकीचे झोपायला निघत तेव्हा ती उठत असे. त्यामुळे तिची कोणाशी फारशी ओळख नव्हती.

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी ती पाणी प्यायला वर आली, तेव्हा खारीला म्हणाली, "खारूताई, आमच्याकडे ओल येते गं. छताला."

"जुनं झाड आहे, मावशी. ओल यायचीच," खार म्हणाली. "माझ्याकडे नाही आली कधी."

"तू वर राहतेस."

"थोडी कोरडी पानं अंथरून बघा."

"अंथरली. तीही भिजली. तू एकदा येऊन बघतेस का?"

"येईन की," खार म्हणाली.

पण ती गेली नाही. तिला घरट्यातल्या काड्या बदलायच्या होत्या. मग त्या काड्यांवर नवा कापूस घालायचा होता. मग ते राहूनच गेले.

पळस फुलला तेव्हा खारीने ढोलीत वाकून पाहिले. ढोलीच्या आतल्या बाजूला लाकडाची एक गाठ होती. पळस फुलायच्या सुमारास पाणी त्या गाठीच्या वर असायचे, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. यंदा गाठ पूर्ण उघडी पडली होती. पावसाला अजून कितीतरी अवकाश होता. मोठे प्राणी लांबच्या नदीपर्यंत जाऊ शकले असते. पण पोपटाच्या घरट्यात पिल्ले होती आणि त्यांना अजून धड पिसेही फुटली नव्हती.

"कुणीतरी जास्त पाणी घेतंय," खार सगळ्यांना म्हणाली.

"मी नाही," कोणी विचारायच्या आधीच पोपट म्हणाला. "मी तर चोच ओली करतो नि उडतो. वानरदादांचं पोट बघा, मग बोला."

"माझं पोट हवेनं फुगलंय," वानर म्हणाला.

त्या दिवसापासून प्रत्येकाने निम्मेच प्यायचे ठरले. सगळे निम्मे पिऊ लागले, तरी पाणी उतरतच राहिले. आंब्यावरचे एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागले. कोणी पाण्यावर वाकले की बाकीचे त्याचे घोट मोजत.

एका संध्याकाळी सगळे ढोलीपाशी जमलेले असताना उदमांजरी जांभई देत वर आली. पाणी पिण्यासाठी तिने मान वाकवली आणि पोपट ओरडला, "पाठ बघा हिची."

उदमांजरीची पाठ ओली होती. केस अंगाला चिकटले होते आणि शेपटीच्या मुळाशी पाणी निथळत होते.

"दुपारी आपण सगळे डुलक्या घेतो आणि ही इथं अंघोळ करते," पोपट म्हणाला.

"मी आत्ता उठले," उदमांजरी म्हणाली.

"ओलीच उठलीस?"

"हो."

सगळे हसले. वानरसुद्धा हसला. उदमांजरीने खारीकडे पाहिले. "तू तरी सांग यांना. मी तुला सांगितलं होतं."

खारीला थंडीतले बोलणे आठवले. पण ओल म्हणजे ओल. तिने काय कोणाची पाठ भिजते? आणि खरे सांगायचे तर दुसरेही एक कारण होते. पाणी कमी पडले याचा बोल खारीवर येणार होता, आणि आता तो दुसऱ्या कोणावर चालला होता. तिने शेपटी साफ करायला घेतली.

"पुरावा समोर निथळतोय," वानर म्हणाला. "तू दुसरं झाड बघ, बाई."

उदमांजरी भांडली नाही. तिने पिल्लाला मानेला धरले आणि ती खाली उतरून गेली. ओढ्यापलीकडच्या उघड्या खडकांत एक कपार होती, तिकडे.

आंब्यावर सगळ्यांना हायसे वाटले. पण दुसऱ्या संध्याकाळी पाहिले, तर पाणी आदल्या दिवसाइतकेच उतरले होते.

"लपूनछपून येत असेल," पोपट म्हणाला.

"मग उद्या मी इथून हलणार नाही," खार म्हणाली.

सकाळचे पाणी पिऊन झाल्यावर तिने पाण्याच्या रेषेवर बाभळीचा एक काटा रोवला आणि ती काठावर बसली. ऊन चढले. वानर घोरू लागला. पोपट पिल्लांना पंखाखाली घेऊन गप्प झाला. खारीच्या डोळ्यांवर झापड येत होती, पण तिने डोळे मिटले नाहीत. कोणी आले नाही. मुंगीसुद्धा पाण्यापर्यंत पोचली नाही. आणि ऊन कलले तेव्हा काट्याच्या खाली चांगला बोटभर ओला पट्टा दिसत होता.

तोंड कोणीच लावले नव्हते, आणि पाणी गेले होते.

खार कितीतरी वेळ त्या पट्ट्याकडे पाहत बसली. मग ती उठली आणि खोडावरून खाली, उदमांजरीच्या रिकाम्या घरात शिरली. थंडीत जायचे राहून गेले होते ते आज झाले.

आत ओल्या लाकडाचा वास होता. उदमांजरीने पानांवर पाने अंथरली होती आणि सगळ्यांत वरचे पानही लगदा झाले होते. एका कोपऱ्यात मात्र थोडी कोरडी जागा होती. तिथे पिल्लाएवढाच खळगा होता. कोरडी जागा पिल्लाला देऊन आई कुठे झोपत असेल, हे विचारावे लागले नाही. खार त्या ओल्या जागी जाऊन बसली.

टप्.

थेंब बरोबर तिच्या पाठीवर पडला. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. खार हलली नाही. जिच्या शेपटीत कधी कुसळ दिसले नव्हते, ती खार पाठ चिंब होईपर्यंत तिथे बसून राहिली.

संध्याकाळी सगळे पाण्यावर जमले तेव्हा ती वर आली.

"खारूताई," पोपट म्हणाला, "तुझी पाठ ओली आहे."

"हो," खार म्हणाली. "आता मला कुठलं झाड दाखवता?"

कोणी हसले नाही. वानराने जांभईसाठी उघडलेले तोंड हळूच मिटले.

"ढोलीच्या तळाला भेग आहे," खार म्हणाली. "खाली उदमावशीच्या घरात पाणी ठिबकतं. आधीही ती भेग असेलच, पण गाळानं ती बुजलेली होती. तो गाळ मी काढला. आईला वेळ मिळाला नव्हता, असं नाही. आईनं तो ठेवला होता."

"थेंब थेंब पाणी ते," पोपट पुटपुटला. "त्यानं एवढी ढोली उतरते?"

"तू झोपतोस तेव्हा थेंब झोपत नाही," वानर म्हणाला.

खार तशीच ओली पाठ घेऊन ओढ्यापलीकडे गेली. खडक अजून तापलेलेच होते. कपारीच्या तोंडाशी उदमांजरी बसली होती आणि तिच्या सावलीत पिल्लू धापा टाकत होते.

"मावशी, तुमचं छत बघून आले," खार म्हणाली.

"उशीर केलास."

"हो. आणि त्या संध्याकाळी मी गप्प बसले, ते त्याहून वाईट केलं."

उदमांजरी पुढे झाली. तिने खारीची पाठ हुंगली. "कोपऱ्याकडे सरकायचं होतंस," ती म्हणाली. "तिथं नाही पडत."

"ती जागा पिल्लाची आहे."

तेव्हा उदमांजरी उठली. "चल. याला इथं ऊन सोसत नाही."

खारीने फेकलेला गाळ आंब्याच्या बुंध्याशी मुळांत अडकून पावसात टिकला होता आणि आता वाळून ढेकळे होऊन पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे कामाला लागले. खारीने ढेकळे फोडली, पोपटाने चोचीतून पाणी आणून ती भिजवली, आणि गाळ पुन्हा पहिल्यासारखा काळा, चिकट झाला. पण पाण्याखालची भेग वरून कोणाला दिसेना. ती नेमकी कुठे आहे हे एकट्या उदमांजरीला ठाऊक होते, तेही खालून. म्हणून ती आपल्या घरात जाऊन उताणी पडली. ढोलीत पाय घालायचा नाही हा नियम होता. हाताबद्दल नियमात काही नव्हते. वानराने गाळाचा गोळा घेऊन आपला लांब हात तळापर्यंत घातला.

"अजून पडतंय," खालून आवाज आला. "डावीकडे घ्या."

"माझ्या डावीकडे का तुझ्या?"

"बुंध्याकडे घ्या हो, दादा. हं. तिथंच दाबा. अजून. आता नाकावर पडलं."

"नाक बाजूला घे," पोपट म्हणाला.

"घेतलं तर कळणार कसं?"

वानर दाबत राहिला. बराच वेळ खालून काहीच आवाज आला नाही. मग उदमांजरी म्हणाली, "थांबलं."

पाणी गढूळ झाले होते. पोपटाने तोंड वाकडे केले, पण या खेपेस तो काही बोलला नाही. सकाळपर्यंत गाळ खाली बसला. काटा पाण्याच्या नव्या रेषेवर रोवून खार संध्याकाळपर्यंत काठावर बसली, आणि संध्याकाळी रेषा काट्याला धरून होती.

पुढे उन्हाळाभर सगळे जण निम्मेच पाणी प्यायले आणि ते पुरले. पोपटाची पिल्ले आंबे पिकायच्या आत उडायला लागली. आकाशात ढग जमू लागले, तेव्हा खारीने सवयीने ढोलीत वाकून पाहिले. तळाशी थोडे पाणी होते आणि त्याखाली काळा गाळ. तिने वर तरंगणारी दोन वाळकी पाने उचलून टाकली. बाकी कशाला हात लावला नाही.

मात्र रोज संध्याकाळी ती खोडावरून खाली उतरते आणि उदमांजरीच्या दारातून डोकावते.

"मावशी, कोरडं आहे ना?"

"कोरडं आहे गं. रोज काय विचारतेस?"

"वर राहते ना मी," खार म्हणते. "वरून दिसत नाही."

तात्पर्य : पाणी कमी पडू लागले की आधी आपले भांडे तपासावे, शेजाऱ्याची पाठ नंतर, आणि खालच्याने "ओल येते" म्हटले, तर वरच्याने त्याच दिवशी खाली उतरून पाहावे.