पेटीत की पाठीवर?

एका गावात एक भोळा मामा होता. नाव सुदाम. तो बहिणीकडेच, अक्काकडे राहायचा. दाजी लग्नांचं शूटिंग करायचे आणि त्यांचा ड्रोन वाहून नेण्याचं काम सुदामकडे. आता घरचंच लग्न निघालं, भाची वैजूचं. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, आणि त्या मानासाठी सुदामने नवं धोतरही धुऊन ठेवलं होतं.

दाजी म्हणाले, "ड्रोन सॅकमध्ये घालून आण." सुदामने सॅक पाठीला अडकवली. एसटीत कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, जरा मागं टेका." सुदाम टेकला. ड्रोनचा पंखा कटकन मोडला.

"अरे, नाजूक वस्तू पेटीत आणावी," दाजी ओरडले. "बाहेरून टणक, आत स्पंज. आता पुन्हा काही मोडलंस तर मामाचा मान चुलतमामाला."

"बाहेरून टणक, आत स्पंज," सुदाम म्हणाला. "माझं डोकंही तसंच आहे दाजी, तरी मला सुचलं नाही."

दुसऱ्या दिवशी अक्काने त्याला दही आणायला पाठवलं. दह्याइतकं नाजूक दुसरं काय असतं? सुदामने ते ड्रोनच्या पेटीत ओतलं आणि खटके लावले. घरी येऊन पेटी उघडली, तर सगळं दही स्पंजने पिऊन टाकलेलं.

"गाढवा, असली वस्तू छातीशी धरावी, आणि नजर तिच्यावरून हलवू नये."

"गाढवाला निदान दही आणायला तरी कुणी पाठवत नाही, अक्का."

पेटी उन्हात वाळत पडली. मग दाजींनी त्याला दुरुस्त झालेला ड्रोन आणायला पाठवलं. सुदामने तो छातीशी धरला. नजर ड्रोनवर. वाटेत गटार होतं, ते त्याला आत पडल्यावर दिसलं. ड्रोन मात्र त्याने डोक्यावर धरून कोरडा ठेवला.

"वाचलास," दाजी म्हणाले. "चालत आणायची वस्तू पाठीवर घ्यावी. दोन्ही पट्टे खांद्यांवर. आता तरी लक्षात ठेव."

सुदामने लक्षात ठेवलं.

लग्नाच्या दिवशी भटजींनी हाक दिली, "मामांनी मुलीला घेऊन यावं. जरा लवकर, मुहूर्त टळतोय."

सुदाम पेचात पडला. वैजू नाजूक, म्हणजे पेटी. पण पेटीत तिचं एक पाऊल तेवढं मावत होतं.

"मामा, मी येते की चालत," वैजू म्हणाली.

"चालत?" सुदामचा चेहरा खुलला. "मग पाठीवर."

त्याने मोठ्या सॅकचा तळ उसवला, भाचीला आत बसवून तिचे पाय खालून बाहेर काढले, दोन्ही पट्टे खांद्यांवर घेतले आणि अंतरपाटासमोर ताठ उभा राहिला. पलीकडे नवरदेव. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. नवरदेव भारी लाजरा. मान खाली घालूनच त्याने माळ घातली, आणि ती सुदामच्या गळ्यात पडली.

सुदामने माळेकडे पाहिलं, नवरदेवाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मला कशात नेणार, पेटीत की पाठीवर?"