सुईणीची खोटी आग

कुणाच्या पणजोबालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी एका उघड्या माळावर एक गाव होतं. घरं सगळी गवतानं शाकारलेली आणि एकमेकांना इतकी चिकटून, की एका घरात मिरचीची फोडणी पडली की ठसका चौथ्या घरात लागायचा. विहीर एकच, गावाच्या मधोमध.

त्या गावात एक म्हातारी सुईण राहत होती. ती मूळची तिथली नव्हे. तिचं पहिलं गाव एका उन्हाळ्यात भरदुपारी जळून गेलं होतं. पाणी होतं, माणसंही होती. पण जो तो आपली घागर घेऊन आपल्याच घराकडे धावला, आणि शेवटी कुणाचंच घर राहिलं नाही. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून माळावरचं गवत वाळायला लागलं की ती रात्री दोनदा उठून चूल विझलीय का ते बघायची.

एकदा तिनं सगळ्यांना पारावर गाठलं. म्हणाली, "बाबांनो, तुमच्यातले निम्मे माझ्या हातावर जन्मलेत. माझं एवढं ऐका. दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी एका घरावर तांबडं फडकं बांधीन. ते घर पेटलंय असं समजायचं आणि विझवायचं."

मग तिनं रीत सांगितली. विहिरीपासून त्या घरापर्यंत दोन रांगा धरायच्या. एकीतून भरल्या घागरी पुढं, दुसरीतून रिकाम्या मागं. गुरं आधी सोडायची. लेकरं आणि म्हातारी माणसं गावाबाहेरच्या चिंचेखाली न्यायची आणि तिथं मोजायची. आणि वारा ज्या अंगाला वाहत असेल, त्या अंगाच्या शेजाऱ्याचं छप्पर लांब बांबूच्या आकड्यांनी ओढून पाडायचं, म्हणजे आगीला पुढं जायला वाट उरत नाही.

लोक खो खो हसले. "चांगलं छप्पर पाडायचं म्हणे! आग लागली तर राजाचे शिपाई येतील की," पाटील म्हणाला.

"शिपायांना यायला दोन दिवस लागतात, पाटील. आगीला दोन घटका पुरतात."

तरण्या सुना आधी तयार झाल्या. पाणी भरून भरून कंबर त्यांचीच मोडलेली, त्यामुळे रांगेची गोष्ट त्यांना चटकन पटली. मागोमाग गडीमाणसंही आली.

पण फडकं बांधायचं कुणाच्या घरावर? इथं गाडं अडलं. तेलीण म्हणाली, "माझ्या घरात लग्न आहे, असलं अभद्र नको." पाटलीण म्हणाली, "आमची सून दोन जीवांची आहे." कुणीच दार पुढं करेना.

"राहू द्या," सुईण म्हणाली. "माझं घर एकदा जळलंय. त्याला आता कसला अपशकुन? माझ्याच घरावर बांधा."

चार महिने दर आठवड्याला फडकं तिच्याच घरावर चढलं. गाव असं तरबेज झालं की हाक ऐकताच तवा चुलीवर सोडून बायका रांगेत उभ्या राहत. म्हातारी मनोमन सुखावली. चूक इथंच होत होती बरं का, आणि ती तिच्याही ध्यानात आली नाही.

एका सकाळी पाटलाचा गोठा पेटला, अगदी खरोखर. हाक उठली. घागरी निघाल्या, दोन रांगा झटक्यात उभ्या राहिल्या, आणि सगळं पाणी धो धो ओतलं गेलं ते सुईणीच्या घरावर! हसू नका. पायांना जी वाट शिकवली होती तीच वाट पाय चालले. बिचारी म्हातारी चिंब भिजून दारात उभी आणि ओरडतेय, "अरे, तिकडं पेटलंय, तिकडं!"

रांगा वळेपर्यंत गोठा बसला. वर्षाचा कडबा गेला. गुरं तेवढी दावी तोडून निघाली म्हणून वाचली.

पाटलाच्या रागाला पारावार राहिला नाही. "हेच शिकवलंस, म्हातारे? आजपासून हे सोंग बंद. पुन्हा फडकं दिसलं तर तू गावाबाहेर."

एक गाव जळून गेलेलं, दुसरं हातचं जाणार. या वयात तिला तिसरं कोण देणार होतं? गप्प बसली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण गप्प बसून काय होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ती फडकं घेऊन थेट पाटलाच्या दारात उभी राहिली. सारं गाव बघत होतं.

"पाटील, चूक माझी. सगळं शिकवलं, पण वाट एकच शिकवली. मला काढायचं तर काढा. आधी हे तुमच्या दारावर बांधू द्या."

पाटलाचे डोळे लाल झाले. तेवढ्यात त्याची गरोदर सून बाहेर आली. तिनं म्हातारीच्या हातून फडकं घेतलं आणि चौकटीला बांधलं. "मामंजी, गोठा जळला तेव्हा आपल्या दारावर फडकं कुठं होतं?"

पाटलानं जळक्या गोठ्याकडं पाहिलं. मग घागर उचलून तो रांगेत जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून फडकं घरोघर फिरू लागलं, आणि आधी नाकं मुरडणारी तेलीण आता "आमची पाळी कधी?" म्हणून विचारू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात सुईण पलीकडच्या वाडीवर बाळंतपणाला गेली होती. परतताना भर उन्हात तिला माळ पेटलेला दिसला. वारा सुटला होता आणि धूर गावावर होता. तशीच धापा टाकत, पडत-झडत ती टेकाडावर चढली.

खाली बघते तर तीन घरं पेटलेली, तेल्याचंही. पण विहिरीपासून दोन रांगा निघाल्या होत्या, जिथं हव्यात नेमक्या तिथं. गुरं मोकळी होती. चिंचेखाली माणसं मोजली जात होती. तेल्याच्या घराला लागून पाटलाचं घर, तीन पिढ्यांचं. पाटलानं स्वतः आकडी छपराला अडकवली आणि ओरडला, "ओढा! माझं आहे, ओढा!" वीस हातांनी ओढलं. छप्पर खाली आलं आणि आग तिथंच अडली.

कुणीही सुईणीची वाट बघत नव्हतं. आयुष्यात एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता. ती खाली उतरली आणि रिकाम्या घागरींच्या रांगेत शेवटी उभी राहिली.

तीन घरं गेली, गाव राहिलं. माणूस एकही दगावलं नाही. आठ दिवसांत साऱ्या गावानं मिळून ती तीन घरं उभी केली आणि पाटलाचं छप्पर शाकारलं. पुढं आसपासच्या गावांतून बोलावणी आली, तेव्हा सुईण म्हणायची, "मीच कशाला हवी? आमच्यातलं कुणीही न्या, सगळ्यांना येतं."

बोध: संकटात जे हात उपयोगी पडतात, ते सुखाच्या दिवसांत एकत्र शिकलेले असतात.