म्हाताऱ्या बॅटरीचा भार

सांज झाली की वीज हमखास जायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. दमयंतीबाईंच्या घरी इन्व्हर्टरची म्हातारी बॅटरी होती. वीज गेली की स्वयंपाकघरातला दिवा आणि बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर, दोघांचा भार तिच्यावर पडे.

एकदा कॉम्प्युटरपुढे कोणीच नव्हतं, तरी तो चालूच होता.

"बाबा रे, जरा झोप," बॅटरी म्हणाली. "तू एकटा दहा दिव्यांची वीज पितोस."

"मी कामाचा आहे. दिव्याला विझव," तो म्हणाला.

"आजी, बाईंच्या भाकऱ्या होईपर्यंत तरी जळू दे," दिवा म्हणाला.

बॅटरी थकून कण्हू लागली. ते ऐकून बाईंनी दिवाच बंद केला आणि अंधारात भाकरी उलटताना बोटं पोळून घेतली. अर्ध्या तासात बॅटरी संपली.

"दिवा बंद केला, तरी संपली कशी?" बाईंनी विचारलं.

सांगायचं त्राण बॅटरीत उरलं नव्हतं.