चिंधाबाईची परडी

त्या काळी सोनदरी गाव लहान होते, पण भाग्य केवढे मोठे! प्रत्यक्ष घोंगडे महाराज देवीच्या देवळात मुक्कामाला होते. गावाची रीत अशी, की नवरात्रात प्रत्येक घराने आपल्या शेतातली माती परडीत घालून देवीपुढे धान्य पेरायचे. ज्याचे अंकुर येतील, त्याचे शेत जिवंत.

चिंधाबाईने माळावरची मुरमाड माती ओच्यात आणली. तिच्या धन्याने वीस वर्षे त्या माळाचे दगड वेचले होते. ती दुपारची भाकरी घेऊन गेली, की तो मूठभर माती तिच्या हातावर ठेवी आणि म्हणे, "बघ, आज जरा मऊ लागतीया." तो गेल्यापासून ते दिवस आठवले, की तिला भरून येई.

व्यंकटराव पाटलांची परडी मात्र काळ्याभोर मातीची. ते हसून म्हणाले, "चिंधे, ही माती न्हवं, खडी हाय! कोंब आला न्हाई, तर तुझा माळ गायरानात घालणार." पंचांनीही माना डोलावल्या. दृष्ट लागू नये म्हणून पाटलांनी आपली परडी शेल्याने झाकली आणि दिवसातून तीनदा वरूनच तांब्याभर पाणी ओतू लागले.

आठव्या दिवशीही चिंधाबाईची परडी कोरीच! तिने महाराजांचे पाय धरले. "महाराज, माळ गेला तर त्यांचं मागं काईच ऱ्हात न्हाई."

महाराज म्हणाले, "माय, धन्याचं नाव घे आणि ओंजळभर पाणी घाल."

चारचौघांत नवऱ्याचे नाव कसे घ्यावे? पण महाराजांचा शब्द! तिने डोळे मिटले. "भिवा," ती म्हणाली आणि तिने ओंजळ सोडली.

काय नवल सांगावे! सगळ्यांच्या देखत मुरूम हलला, खडे बाजूला सरले आणि बोटभर पिवळे अंकुर वर आले.

पाटलांनी घाईघाईने शेला उचलला. आत नुसता चिखल होता, बी कुजून आंबूस वास सुटला होता.

महाराज हळूच म्हणाले, "पाटील, काळी पाणी धरून ठेवते, तिला बेतानं पाजावं. मुरूम पाणी सोडून देतो, त्याला रोज थोडं लागतं. माती दोन्ही चांगल्या. तुम्ही एकीला बुडवलंत, दुसरीला हिणवलंत."

पाटलांनी पागोटे उतरवले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी चिंधाबाईच्या परडीकडे बोट केले. पाटील तिथेही वाकले. उठले, तेव्हा त्यांच्या कपाळाला मुरमाचे खडे चिकटले होते. ते त्यांनी पुसले नाहीत.

"चिंधाबाई," ते म्हणाले, "माळ भिवाचाच ऱ्हाईल."